तू उघडलेला दुसऱ्याचा रिपोर्ट

लोरेट्टा,

ग्रुपवर तुझी बातमी मीच टाकली. "चाळण गेली" एवढंच लिहिलं आणि मोबाइल उपडा ठेवला. पुन्हा बघितलं तेव्हा पहिलं उत्तर जळगावच्या मुलाचं होतं. "गेली म्हणजे? ग्रुप सोडला?" त्याच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, "चाळण बाई होती?" मला हसू आलं. त्या हसण्याचं काय करायचं ते कळेना, कारण मी तेव्हा तुमच्या घरात, खोताच्या वाडीत, तुझ्या आईसमोर बसले होते. ती खुर्चीत बसून तुझ्या चष्म्याची काच पदराने पुसत होती. पुसून झाली की पुन्हा पुसत होती.

मग मी नीट लिहिलं. चाळण म्हणजे लोरेट्टा, गिरगावात राहायची, आजारी होती, आज सकाळी वारली. त्यानंतर बराच वेळ ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. तुला ठाऊक आहे, आपल्या ग्रुपवर शांतता म्हणजे काय. लोक उत्तर शोधायला गेले आहेत, असाच तिचा अर्थ असायचा. या वेळी शोधायला काही नव्हतं.

हे तुला सांगतेय, पण आणखीही कुणी वाचतील, म्हणून थोडं तुला माहीत असलेलंही लिहिते. 'उकल' हा आपला ग्रुप. मराठी बोलणारे प्रोग्रामर, कुणी नगरला, कुणी टोरांटोला, बहुतेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. काम करून थकलेली माणसं तिथे पुन्हा कामाचंच बोलायला येतात, हे माझ्या नवऱ्याला कधी पटलं नाही. पण ते काम नव्हतं. एखादी गोष्ट आतून कशी चालते, हे कुणीही विचारावं आणि बाकीच्यांनी ती उलगडायच्या मागे लागावं, एवढाच धंदा. नियम एकच होता. "चालतंय ना, मग सोड" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही.

तुझा पहिला प्रश्न मला पाठ आहे. तुमच्या चर्चमध्ये रविवारी मराठी गाण्यांचा कागद वाटतात. त्यात 'दऱ्या' असं टाइप केलं की छापून 'दर्या' येतं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि अख्खं चर्च समुद्रातून चालत जातं, असं का, असं तू विचारलं होतंस. कुणी फॉन्टला दोष दिला, कुणी प्रिंटरला. तू प्रत्येकाचं म्हणणं तपासून बघायचीस आणि "नाही, हे नाही" असं लिहून पुढे जायचीस. शेवटी सापडलं ते असं, की कागद तयार करणाऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवर मजकूर साफ करणारं एक छोटं सॉफ्टवेअर होतं आणि ते अक्षरांच्या मधली न दिसणारी खूण पुसून टाकत होतं. दिसत नाही म्हणजे कचरा, असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. ती खूण गेली की दरीचा दर्या. तू लिहिलंस, "पाद्रीबाबा म्हणाले, लोकांना गाणं पाठ आहे, कुणी कागद बघत नाही. मी म्हटलं, फादर, मी बघते ना."

तेव्हा मी तुला बाप्या समजत होते. तूही मला. माझं तिथलं नाव 'दोरा', आणि दोरा म्हणजे कुणी पोटसुटा, चष्मेवाला इसम असणार, असं तुझ्या डोक्यात. तो कागद बघायला म्हणून मी लालबागहून गिरगावात आले. वाडीच्या तोंडाशी उभी राहून प्रत्येक येणाऱ्या पुरुषाकडे बघत होते, आणि समोरच्या जिन्यावर किल्ल्यांचा जुडगा फिरवत एक बाई माझ्या पलीकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तू म्हणालीस, "तुम्ही कुणाला शोधताय?" मी म्हटलं, "चाळण." तू खाली येऊन माझा दंड धरलास. "अगं बये, म्हणजे तू दोरा?"

तुझ्या आईने मला आत बसवून विचारलं, "तू पण ह्याच रोगाची हाय गो?" तिच्या लेखी आपला प्रश्न विचारण्याचा नाद म्हणजे रोगच होता. तू लहानपणी शेजाऱ्यांचा रेडिओ खोललेला, मग मिक्सर, मग एका मामाची कवळी. ती सांगत होती आणि तू मागून खुणा करत होतीस, थांबव, थांबव म्हणून.

तुझ्याबरोबर चालणं हा वैताग होता, हेही लिहून ठेवते. तू कुठेही थांबायचीस. दादरला लिफ्टसमोर उभी राहून तू मला तीनदा वरखाली करायला लावलंस, कारण दोन लिफ्ट असताना लांबची का येते ते तुला बघायचं होतं. रे रोडच्या भंगारात आपण एक जुना प्रिंटर शोधायला गेलो होतो, देवनागरी अक्षरं आतच कोरलेली असायची तसला. तुला सापडला. दुकानदार किंमत सांगत होता तोवर तू तो जमिनीवर ठेवून पेचकसाने उघडलासही. तो माणूस म्हणाला, "मॅडम, पहले लेना पडता है।" तू मान वर न करता म्हणालीस, "भैया, पहले देखना पडता है।" आपण तो घेतला नाही. तुझं बघून झालं होतं. परत येताना तुझे हात कोपरापर्यंत काळे आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मला तुझा हेवा वाटला. मला कुठलीच गोष्ट इतकी पुरेपूर मिळत नाही, लोरे. मी प्रश्न विचारते ते उत्तर मिळावं म्हणून. तू विचारायचीस ते वेगळंच काहीतरी होतं.

आणि मग ती दुपार. तुझा फोन आला तेव्हा मी परळला ऑफिसात होते. "जेवायच्या सुट्टीत खाली ये, एक गंमत दाखवते." माझ्या ऑफिसखालच्या उपाहारगृहात तू कोपऱ्यातलं टेबल धरून बसली होतीस, लॅपटॉप उघडा, समोर चहाचा रिकामा कप. मी बसले. पडद्यावर एका लॅबचा रिपोर्ट होता. वर तुझं नाव, वय. मी खाली वाचत गेले, कारण माणूस वाचतोच, आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"हे तुझं आहे?"

"हो. ते नंतर. वर बघ, ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीत."

"लोरे, हे कधी आलं?"

"कालच. सुजाता, ते आहेच, ते कुठे जात नाही. आधी वर बघ. शेवटी आकडा आहे ना? तो माझा रिपोर्ट नंबर. पासवर्ड नाही, काही नाही. हा आकडा एकाने वाढवला की पुढच्या माणसाचा रिपोर्ट उघडतो."

मला आधी अर्थच लागला नाही. माझं सगळं लक्ष त्या खालच्या ओळीत अडकलं होतं. बीजकोशाचा कॅन्सर, पसरलेला. तू मात्र त्या आकड्यावर बोट ठेवून बसली होतीस. मग माझ्या ध्यानात आलं आणि मी विचारलं, "तुला कसं माहीत उघडतो म्हणून?"

तू लॅपटॉप मिटलास. "बघितला मी. एकच. खात्री करायला."

"आणि?"

"पहिल्या ओळीवर थांबायला पाहिजे होतं. नाव दिसलं तिथेच कळलं होतं की भोक आहे. पण मी वाचला. पूर्ण वाचला." तू कपाकडे बघत होतीस. "माहीमचे कुणी तळपदे आहेत. म्हातारे. फुप्फुसाचा. माझ्यापेक्षा वाईट आहे, सुजाता. आणि त्यावर तारीख कालचीच आहे. त्यांच्या हातात अजून पडला नसेल. म्हणजे त्यांच्या आधी मला कळलं."

त्या दिवशी आपण परळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या बाजूच्या फुटपाथवरून चालत गेलो. बाहेरगावची माणसं चटया टाकून बसली होती, कुणी स्टोव्हवर भात शिजवत होतं, एका बाईच्या मांडीवर टक्कल पडलेली पोरगी झोपली होती. आपण वर्षानुवर्षं त्या रस्त्याने गेलो होतो आणि बघायचं टाळून गेलो होतो. तू म्हणालीस, "आता मला इथे यायला लागणार." आजाराबद्दल त्या दिवशी तू बोललेलं हे एवढंच.

बाकी भांडण झालं. मी म्हटलं, तू आजारी आहेस, आता डोक्याला हे लावून घेऊ नकोस, कुणीतरी दुसरं कळवेल. तू म्हणालीस, "कोण? बाकीचे आपापला रिपोर्ट बघून रडत असतील. आकडा कोण बघणार?" मी म्हटलं, नाव न देता कळव. तू म्हणालीस, नाव न देता आलेली पत्रं ते फेकून देतात. आणि तू स्वतःच्या नावाने लॅबला लिहिलंस. साधं, सभ्य पत्र. तुमच्या दाराला कडी नाही, कृपया लावा. मी एक रिपोर्ट उघडला, त्याबद्दल क्षमस्व.

उत्तर वकिलाकडून आलं. परवानगीशिवाय रुग्णांची खाजगी माहिती मिळवल्याबद्दल पोलिसांत तक्रार करण्याचा हक्क राखून ठेवण्यात येत आहे, वगैरे. क्षमस्व लिहिलेलं वाक्य त्यांनी तसंच्या तसं उचलून कबुलीजबाब म्हणून लावलं होतं. तुझी पहिली केमो त्याच आठवड्यात होती. तुझ्या आईला केमो म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं, पण वकील कळला. दारावर कुणी थाप मारली की ती तुला आतल्या खोलीत पाठवायची. मला म्हणाली, "पोलीस आला तर मी सांगतं, मीच केलं. म्हातारीला काय करणार?"

मग तू ते ग्रुपवर सांगितलंस. लॅबचं नाव न घेता, फक्त भोक कसं होतं ते. लोक चवताळून उठले. टोरांटोवाल्याने ओळखीचा वकील शोधून दिला, कुणी पत्राचे मसुदे लिहिले. पण त्यातच एकाने लॅब कुठली ते हुडकून काढलं आणि लिहिलं की एक छोटा प्रोग्राम चालवून बघितला तर किती हजार रिपोर्ट उघडतात ते मोजता येईल, नुसतं कुतूहल म्हणून. त्याला दोघातिघांनी अंगठेही दिले.

तुझं तोवरचं कुठलंही लिखाण चढ्या आवाजातलं नव्हतं. त्या दिवशी तू सलाइन लावलेल्या हाताने लिहिलंस, "मी एक उघडला. त्या एका माणसाचं नाव आता माझ्या डोक्यातून जात नाही. तुला हजार माणसं डोक्यात घ्यायची आहेत का? घेणार नाहीस. तू फक्त मोजणार. मोजायचंच असेल तर दुसरीकडे मोज." आणि मला फोन करून सांगितलंस, "तो सगळा धागा काढून टाक." ग्रुप सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, मी काढला. मोजायला निघालेला तो मुलगा ग्रुप सोडून गेला. काही जण म्हणाले, चाळण स्वतः बघून बसली आणि दुसऱ्यांना शिकवते. ते तू वाचलंस, आणि खोडून काढलं नाहीस. मला म्हणालीस, "बरोबर आहे त्यांचं."

लॅबने पुढे भोक बुजवलं. कुणालाही काही न सांगता. तुझा नंतरचा रिपोर्ट आला तेव्हा पत्त्यात आकड्याऐवजी लांबलचक अक्षरांची माळ होती. तू मला ती दाखवलीस. "लावली कडी," म्हणालीस. नोटीस त्यांनी मागे घेतली नाही. ती तुझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. तुझ्या आईने त्यावर क्रॉस ठेवलाय.

आणि एक दिवस तुझा फोन आला. "तो आला आज."

"कोण?"

"माझ्या पुढचा आकडा."

ओपीडीत त्यांचं नाव पुकारलं होतं. तळपदे. उंच, वाकलेले, गळ्याला मफलर, बरोबर बायको, तिच्या हातात डबा आणि फायलींची पिशवी. तू सांगत होतीस की ते आत जाताना बायकोचा हात सोडून दरवाजा स्वतः ढकलत होते, आणि बाहेर आले तेव्हा त्यांनी बायकोला काहीतरी विनोद सांगितला. ती हसली. "किती पसरलंय ते तिला माहीत नाही, सुजाता. त्यांना माहीत आहे, आणि तिला नाही. चेहऱ्यावरून कळतं."

पुढच्या खेपेला तू त्यांच्या बाकावर जाऊन बसलीस. त्यापुढच्या खेपेला त्यांनीच तुझ्यासाठी जागा धरली. ते विमा कंपनीत अधिकारी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, माहीमला वडिलांच्या वेळच्या घरात राहायचे. तू त्यांना जवळा आवडतो हेसुद्धा मला सांगितलंस. आणि मला विचारलंस, "त्यांना सांगू का?"

"काय सांगणार?"

"की मी तुमचा रिपोर्ट वाचलाय. तुमच्या आधी."

मी म्हटलं, वेडी आहेस का. त्यांचे दिवस मोजके आहेत, बाकावर एक बरी सोबत मिळालीय, ती कशाला नासवतेस. तुझ्या मनावरचं ओझं हलकं करायला त्यांच्या मनावर का टाकायचं. त्यांना काय मिळणार त्यातून?

"त्यांना काय मिळेल ते मी कसं ठरवू?" तू म्हणालीस. "माझं मी ठरवलं असतं. मला कुणी वाचलं असतं तर मला कळायला पाहिजे होतं."

"प्रत्येकाला नाही कळून घ्यायचं लोरे. सगळे तुझ्यासारखे नसतात."

 तू म्हणालीस, "तेही मी कसं ठरवू?" आणि विषय बदललास. सलाइनच्या पंपाचं काहीतरी विचारलंस. नळीत हवेचा बुडबुडा आला की तो ओरडतो, पण त्याला बुडबुडा दिसतो कसा? मला सुटल्यासारखं झालं. मी तो प्रश्न ग्रुपवर टाकला. तुझ्या त्या महिन्यांत ग्रुपने जे केलं त्याचं ऋण मी कुठे फेडू, मला माहीत नाही. कुणी पंपाची चित्रं काढून पाठवली. नगरच्या डॉक्टरणीने, जी प्रोग्रामरही आहे, आवाजाच्या लहरी पाण्यातून कशा जातात आणि हवेत कशा अडतात ते तुझ्यासाठी बोलून रेकॉर्ड केलं, कारण तुला वाचताना डोळे दुखायचे. तू खुर्चीत औषध घेत ते ऐकायचीस. नर्स म्हणायची, "मॅडम गाणी ऐकतात." तू तिला पंप समजावून सांगितलास. ती म्हणाली, एवढी वर्षं वापरते, कधी विचारलंच नाही. तू म्हणालीस, "आता विचार."

मग तुझे प्रश्न कमी होत गेले. कुणी सांगायला नको होतं, मला ग्रुपवरूनच कळत होतं. आधी रोज, मग कधीतरी, मग फक्त दुसऱ्यांच्या उत्तराखाली एक अंगठा. मग अंगठाही नाही. पोटात पाणी भरायचं, काढलं की पुन्हा भरायचं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं.

तळपद्यांचं तू पुन्हा कधी बोलली नाहीस. मी समजले, माझं ऐकलंस. त्या भांडणात मी जिंकले होते, असंच मी धरून चालले होते, आणि तुझ्या उशाशी बसल्यावर एकदोनदा मला त्याचं बरंही वाटलं.

तुला मातीत ठेवून परत आलो. चर्चच्या अंगणात लोक पांगत होते. तुझ्या आईला दोघींनी धरून गाडीत बसवलं. मी जाणार, तेवढ्यात मफलरवाले एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इतके बारीक झालेले, की कोट खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता.

"तुम्ही सुजाता ना? दोरा?"

मी हो म्हटलं.

"मी तळपदे. हॉस्पिटलच्या बाकावरचा." दम लागला म्हणून ते थांबले. "तिने मला सांगितलं होतं."

मला वाटलं आजाराचं सांगितलं म्हणतायत. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं असावं. म्हणाले, "रिपोर्टचं. तिने माझा रिपोर्ट बघितल्याचं. तुमचा विरोध होता, हेही म्हणाली."

लोरेट्टा, मी तिथे चर्चच्या भिंतीला हात टेकून उभी राहिले. मला न सांगता तू हे केलंस. तुझ्यावर ओरडायचं होतं आणि तुला नुकतंच पुरून आलो होतो.

"काय म्हणालात तुम्ही तिला?" मी विचारलं.

"काही नाही म्हणालो. उठलो आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. दोन-तीन खेपा तिच्याकडे बघितलंही नाही. फार राग आला होता मला. आजार किती पुढे गेलाय ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, हिला नाही. माझ्यापाशी जपून ठेवलेली तेवढी एकच गोष्ट होती. आणि ही पोरगी म्हणते, मी आधीच वाचलंय." ते पुन्हा थांबले. "मग एक दिवस ती आली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. तिसऱ्यांदा आली ती व्हीलचेअरवर. मी उठून तिच्या बाजूला गेलो. काय करणार. तिथे माझं सगळं माहीत असलेलं माणूस ते एकच होतं. तिच्यापाशी मला नाटक करावं लागत नव्हतं."

तुला क्षमा केली का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तू तो रिपोर्ट पूर्ण वाचायला नको होता, हे माझं मत अजून तेच आहे. आणि त्यांना सांगायला नको होतं, हे मत मला आता नीट धरताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

मग ते म्हणाले, "शेवटी कसं होतं?"

"शांतपणे गेली काका," मी म्हटलं. सकाळपासून दारात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगत होतो. जीभ आपोआप वळली.

ते माझ्याकडे बघत राहिले. "मला विचारायला दुसरं कुणी नाही," म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, बघू. मुलगा म्हणतो, पॉझिटिव्ह राहा. मला फक्त काय होतं ते माहीत करून घ्यायचंय."

लोक निघून गेले होते. फाटकापाशी टॅक्सी उभी होती आणि तिच्यापाशी त्यांची बायको कुणाशी तरी बोलत होती. आणि मी सांगितलं, लोरे. तुला यातलं काहीच माहीत नाही. ज्या एका गोष्टीचं तुला बारीकसारीक हवं असतं, ती तुझ्या हाती लागली नाही, म्हणून तुलाही सांगते. शेवटच्या दिवसांत तू मला ओळखलं नाहीस. मला तू कुणी फिलोमिना समजत होतीस आणि भांडी आत आण म्हणत होतीस. आईला ओळखलंस, पण ती तरुण आहे असं समजून. त्रास होता. औषधाने कमी झाला, गेला नाही. एक अख्खा दिवस तू कण्हत होतीस आणि आम्हाला काही करता आलं नाही. मग बोलणं बंद झालं. तुझी बोटं चादरीवर चालायची, सारखी, आणि मी तुझ्या आईला म्हटलं, बघा, टाइप करतेय. डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं, शरीर शेवटी असं करतं. मी ते आईला सांगितलं नाही. काकांना सांगितलं. शेवटी श्वास लांब लांब पडत गेला. दोन श्वासांत इतकं अंतर, की प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं झालं. आणि मग एकदा खरंच झालं.

ते ऐकत होते. चेहरा हलला नाही. "तेव्हा तिला कळत होतं का?"

"मला नाही माहीत."

"बरं." मफलर नीट केला. "श्वासाचं ते किती वेळ चाललं?"

"दुपारपासून पहाटेपर्यंत."

"आणि भीती? आधी, बोलत होती तेव्हा?"

"वाटत होती. एकदा म्हणाली, भीती वाटते. एकदाच."

त्यांनी मान हलवली. अंगणातला झाडूवाला खुर्च्या उचलत आमच्यापर्यंत आला आणि थोडा पलीकडे थांबला. काकांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला, खोकला सरेपर्यंत धरून ठेवला. "आभारी आहे," म्हणाले. आणि बायको येताना दिसली तशी हलक्या आवाजात, "हिला यातलं काही कळू देऊ नका."

मी हो म्हटलं. विचार न करता.

बाई आल्या, माझा हात हातात घेतला, लोरेट्टा फार गुणी होती म्हणाल्या. ते पुढे टॅक्सीकडे चालू लागले. त्या मागे रेंगाळल्या. पिशवीतून मोबाइल काढून माझा नंबर विचारला, मी सांगितला, त्यांनी तो सावकाश, एकेक आकडा म्हणत घातला. "तुम्हाला फोन करायचाय मला," म्हणाल्या. नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या. "मला काही विचारायचंय. ते घरी नसतील तेव्हा करते."

तो फोन अजून आलेला नाही, लोरेट्टा. येईल. मी काकांना शब्द दिलाय, आणि बाई विचारणार आहेत. रोज ऑफिसला जाता-येता मी दोन्ही बाजूंनी भांडून बघते, तुझी बाजू मीच मांडते, माझीही मीच. तुझ्यासारखं मला येत नाही. मी लवकर हरते, आणि कुठल्या बाजूने हरले तेच कळत नाही.